अ‍ॅनाटॉमीची सप्ली: हाड हातात घ्या आणि तोंडाने बोला

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमीत नापास झाले होते. थिअरीत काठावर निघाले, प्रॅक्टिकलमध्ये गेले, मग सप्ली, म्हणजे फेरपरीक्षा, द्यावी लागली. आता इंटर्नशिप चालू आहे, पण दर वेळी रिझल्ट लागला की आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीतून कुणाच्या तरी आईचा फोन येतोच, "तू पण राहिली होतीस ना गं, आमच्या हिला जरा समजाव, खोलीतून बाहेरच येत नाहीये." तेच तेच किती वेळा सांगायचं म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. वह्या, पेनं, झोप, पाणी हे तुम्हाला कळतं, ते लिहीत नाही. एका गोष्टीवर मात्र परत परत येणार आहे, कारण तीच मी पहिल्या वेळी केली नव्हती. हाड हातात घेऊन मोठ्याने बोलणं.

काय झालं ते सांगते म्हणजे कळेल. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, माझ्यासमोर फिब्युला आला, गुडघ्याखालचं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. मला फिब्युलावर स्नायू वगैरे चिकटतात त्या सगळ्या अ‍ॅटॅचमेंट्स पाठ होत्या, कुठल्या पानावर काय आहे आणि कुठल्या रंगाने अंडरलाइन केलंय तेसुद्धा डोळ्यासमोर होतं. सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "व्हिच साइड?" मी हाड उचललं आणि मला वरचं टोक कुठलं, खालचं कुठलं हेच कळेना. वर्षभरात तो मी हातात धरलाच नव्हता, फक्त चित्रात बघितला होता, आणि चित्रात तो नेहमी सरळ उभा असतो, टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, शेजारी, नाव लिहिलेला. मी उजवा म्हटलं. सर म्हणाले, परत बघा. मी डावा म्हटलं. मग त्यांनी का ते विचारलं आणि त्यानंतर माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. येत होतं, पण बोलायची सवयच नव्हती. पुढचे सगळे प्रश्न तिथेच गेले.

तर पहिलं काम, रिझल्टनंतर दोन दिवस रडून घ्या, मीही रडले, पण तिसऱ्या दिवशी मार्क कुठे गेले ते शोधा. थिअरी, स्पॉटर (मांडून ठेवलेलं ठरलेल्या वेळात ओळखणं), हिस्टोलॉजी (मायक्रोस्कोपखालच्या ऊती), ग्रॉस व्हायवा (नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या अवयवांची तोंडी), बोन्स, प्रत्येकात साधारण काय झालं ते डिपार्टमेंटमध्ये जाऊन मॅडमना विचारा. लाज वाटते, वाटू द्या. हे न करता बहुतेक मुलं पहिल्या पानापासून परत वाचायला बसतात आणि जे आधीच येत होतं तेच आणखी पक्कं करतात. मला पुस्तकातलं येत होतं, हातातलं येत नव्हतं, हे मला विचारल्यावरच कळलं. आणि हो, पहिल्या प्रोफेशनलला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या परीक्षेला, एकूण चारच अटेम्प्ट असतात, त्यामुळे "या वेळी बघू कसं जातं" म्हणून एक अटेम्प्ट उडवू नका.

दुसरं, बोन सेट. सिनियरकडून घ्या, विकत नाही तर भाड्याने, पण खरी हाडं बघा. प्लॅस्टिकच्या सेटमध्ये ग्रूव्ह आणि रिज, म्हणजे खोबणी आणि कंगोरे, गुळगुळीत झालेले असतात आणि फिब्युला, क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड), पहिली बरगडी यांची साइड नेमकी त्याच बारीक खुणांवरून ठरते. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते, हाफ सेट असेल तर त्यात हातापायाची हाडं एकाच बाजूची असतात. तुमच्याकडे सगळी उजवी असतील तर वर्षभर तुम्ही न बघता उजवं उजवं म्हणत राहाल आणि वाटेल की येतंय. मैत्रिणीकडे डाव्या बाजूचा सेट असेल तर आठवड्याने अदलाबदल करा, नसेल तर डिपार्टमेंटच्या बोन बॉक्समधली दोन्ही बाजूंची एकत्र करून, डोळे मिटून एक उचला आणि मग सांगा.

घरी हाडं ठेवायची म्हटल्यावर आमच्या आजीने आधी स्पष्ट नाही म्हटलं होतं, देवघर असलेल्या घरात नाही. मग बाबांनी मध्यस्थी केली आणि हाडं गॅलरीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिली. आजीच्या अटी दोन, काढताना नमस्कार करायचा आणि ठेवल्यावर हात साबणाने धुवायचे, "कुणाचं तरी माणूस होतं ते." तिचं बरोबर होतं, आणि तो नमस्कार मी आजही सोडलेला नाही. तीच आजी नंतर माझी परीक्षक झाली. संध्याकाळी ती झोपाळ्यावर वाटाणे सोलत बसायची, मी समोर हाड घेऊन उभी. इंग्रजी शब्द तिला कळत नसत, पण मी कुठे अडखळले ते तिला बरोब्बर कळायचं. "थांबलीस. परत सांग." बास, एवढंच हवं असतं. तुम्हालाही असं कुणीतरी शोधा, ज्याला विषय अजिबात कळत नाही पण जो ऐकतो. आरशासमोर बोललं तरी चालतं, फक्त मनातल्या मनात नको. मनातल्या मनात सगळ्यांनाच येतं.

आता बोलायचं कसं. ठरलेल्या क्रमाने, दर वेळी तोच क्रम. हाडाचं नाव, साइड, साइड का, मग ते शरीरात असतं तसं स्वतःच्या अंगाशी धरून अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन, आणि त्यानंतर बाकीचं सगळं. क्लॅव्हिकल घ्या. जाड चौकोनी टोक आतल्या बाजूला, चपटं टोक बाहेरच्या बाजूला, आतल्या दोन तृतीयांश भागाचा फुगवटा पुढे, आणि लांब खोबण असलेला पृष्ठभाग खाली. हे चार मुद्दे बोलत बोलत हाड गळ्याखाली स्वतःच्या क्लॅव्हिकलवर ठेवा, चुकीच्या बाजूचं असेल तर ते बसतच नाही. फिब्युला, ज्याच्यावर मी गेले, तो असा: गोलसर डोकं वर, निमुळतं चपटं टोक खाली, खालच्या टोकावरचा त्रिकोणी सांध्याचा भाग आतल्या बाजूला आणि त्याच्या मागे खड्डा, मॅलिओलर फॉसा. खड्डा मागे, त्रिकोण आत. हे मी बसमध्ये, आंघोळ करताना, कपडे वाळत घालताना बोलले आहे. तुम्ही वाचून "हो कळलं" म्हणाल आणि पुढे जाल, म्हणून परत सांगते, वाचू नका, उठा, ट्रंक उघडा, हातात घ्या.

त्या दिवसांत एकदा फार कंटाळा आला म्हणून मैत्रिणीबरोबर कमाटीबागेत गेले आणि म्युझियममध्ये शिरलो. तिथे निळ्या देवमाशाच्या पिल्लाचा सांगाडा आहे, 1944 साली मही नदीत वाहून आलेला. लहानपणी शाळेच्या सहलीत दहा वेळा बघितलेला, पण त्या दिवशी पहिल्यांदा फ्लिपरकडे नीट बघितलं तर त्यात ह्युमरस (दंडाचं हाड), रेडियस, अल्ना (कोपराखालची दोन) आणि पुढे बोटांच्या हाडांची रांग, आपल्याच हाताचीच मांडणी, फक्त आखूड आणि रुंद. आम्ही दोघी खाली उभं राहून डावा कुठला, उजवा कुठला ते मोठ्याने बोलत होतो. इतके दिवस जे पानावर होतं ते पहिल्यांदा वस्तू म्हणून दिसलं. वडोदऱ्यात असाल तर एक दुपार जाऊन या, ती फुकट जात नाही.

परत परत वाचून का होत नाही याचं उत्तर मला नंतर मिळालं. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी 2006 साली कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला होता, काहींना उतारा परत वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. परीक्षा पाच मिनिटांनी नसते ना. मी वर्षभर पाच मिनिटांवालाच अभ्यास करत होते, म्हणून रोज रात्री झोपताना छान वाटायचं.

त्यामुळे थिअरीचंही तेच, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर काढा. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मणक्यातून निघणाऱ्या सी5 ते टी1 नसांचं हाताकडे जाणारं जाळं, रोज सकाळी एकदा, चहा व्हायच्या आत. अ‍ॅक्झिला, क्युबिटल फॉसा, फीमोरल ट्रँगल, इंग्वायनल कॅनॉल, म्हणजे काख, कोपराचा खळगा, मांडीचा वरचा त्रिकोण, जांघेतला मार्ग, यांच्या भिंती आणि आत काय. चित्र सुंदर नको, तीन मिनिटांत हवं. चुकलेलं लाल पेनने दुरुस्त करा, तोच कागद तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने परत काढा. एम्ब्रियोलॉजी, म्हणजे गर्भाची वाढ, ऑप्शनला टाकू नका, एवढंच सांगते, हार्ट आणि फॅरिंजियल आर्चेस (गर्भाच्या गळ्यापाशी बनणाऱ्या कमानी) तरी कराच.

हिस्टोलॉजीला अ‍ॅटलसची चित्रं पाठ करू नका, डिपार्टमेंटमध्ये बसून मायक्रोस्कोपखाली खऱ्या स्लाइड बघा. खरी स्लाइड चित्रासारखी नसते, रंग फिकट असतो, कडा फाटलेली असते. प्रत्येक स्लाइडसाठी दोन पक्के मुद्दे ठेवा. सगळ्यात जास्त घोळ लिम्फॉइडचा, म्हणजे रोगप्रतिकाराच्या ऊतींचा, होतो, सगळीकडे जांभळे ठिपकेच. लिम्फ नोडला कॅप्सूलखाली (आवरणाखाली) सायनस आणि कॉर्टेक्स-मेड्युला (बाहेरचा-आतला भाग) वेगळे, स्प्लीनला कॉर्टेक्स-मेड्युला नाहीच, पण व्हाइट पल्पमध्ये कडेला सरकलेली आर्टेरिओल, थायमसला हॅसल्स कॉर्पसल, टॉन्सिलला वर स्क्वेमस एपिथेलियम आणि आत शिरलेल्या क्रिप्ट्स. आणि हेही बोलून. स्लाइडवरून डोळा न हलवता "ही स्प्लीन, कारण एक, कारण दोन." हाडासारखंच.

सरफेस मार्किंगला, म्हणजे आतल्या अवयवांच्या जागा कातडीवर काढून दाखवायला, घरातलं कुणीतरी पकडा. माझा धाकटा भाऊ गंजी काढून पडायचा आणि मी आईच्या काजळाच्या पेन्सिलने त्याच्यावर काढायचे. स्टर्नल अँगल (छातीच्या मधल्या हाडावरचा उंचवटा) आधी बोटाने शोधा, तिथे दुसरी बरगडी, तिथून खाली मोजत जा, वरून मोजायला गेलात तर चुकाल, कारण पहिली बरगडी हाताला नीट लागत नाही. मॅकबर्नीज पॉइंट, म्हणजे अपेंडिक्सची जागा, बेंबीपासून उजव्या अँटीरियर सुपीरियर इलियाक स्पाइनपर्यंत (कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत) रेघ, तिचा बाहेरचा एक तृतीयांश आणि आतले दोन तृतीयांश जिथे मिळतात तो.

माझी सप्ली उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, जवळ होती. वडोदऱ्यात ते दोन दिवस अभ्यास होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, सकाळी सहापासून गच्चीगच्चीवर स्पीकर. प्लॅनमध्ये ते दोन दिवस रिकामे धरा, गच्चीवर जा, उंधियू खा, अपराधी वाटून घेऊ नका. तिथेही विषय सापडतोच, चुलतभावाची तर्जनी मांजाने टोकाला कापली, मी पट्टी बांधता बांधता मोठ्याने म्हटलं, मीडियन नर्व्ह, नखाखालचा भागसुद्धा तिचाच, करंगळी असती तर अल्नर. तो वैतागला, पण मला ते परत कधी विसरलं नाही.

स्पॉटरची प्रॅक्टिस घड्याळ लावून करा. तुमच्याकडे एका स्पॉटला किती वेळ देतात ते आधी विचारा आणि घरी त्याहून दहा सेकंद कमी लावा. मैत्रिणीला हाडं, फोटो, एक्स-रे मांडायला सांगा, पिन कुठे टोचलीय तेवढंच लिहायचं, सगळं हाड वर्णन करायचं नाही. अडलं की रिकामं सोडून पुढे, मागच्या स्पॉटचा विचार पुढच्या स्पॉटला न्यायचा नाही.

शेवटचा आठवडा. नवीन काही नाही. लाल पेनवाले कागद, दोन्ही बाजूंची हाडं, स्लाइड. डी-हॉलमध्ये, म्हणजे डिसेक्शन हॉलमध्ये, एकदा तरी जाऊन बॉडीवर स्ट्रक्चर्स ओळखून या, फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, जा तरी. कुणी नवीन नोट्स पाठवल्या तर उघडू नका. आणि रोज तीन हाडं, हातात, मोठ्याने, हे शेवटच्या रात्रीपर्यंत बंद नाही. थकलात तर वाचन सोडा, हे नाही.

परीक्षेच्या दिवशी अ‍ॅप्रन, हॉल टिकट, जर्नल सह्या झालेलं, फोर्सेप्स, रंगीत पेन्सिली, एचअँडईने रंगवलेल्या स्लाइड काढायला गुलाबी-जांभळी जास्तीची. सकाळी काहीतरी खा. सेव-उसळ नको, पोट बिघडलं तर काय कराल. बाहेर उभं राहून "हे वाचलंस का ते वाचलंस का" नको.

व्हायवाला हाड दिलं की लगेच उत्तर नाही. उचला. वरचं टोक बघा, पुढचं-मागचं बघा, अंगाशी धरा, मग साइड सांगा आणि विचारायच्या आत कारण द्या. दुसऱ्या वेळी मला फीमर, म्हणजे मांडीचं हाड, आला होता, फिब्युला नव्हे, पण हात आपोआप तेच करत गेले. डोकं वर आणि आत, लिनिया अस्पेरा मागे, सर, डावा. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

बोन सेट परत देताना एकेक मोजून द्या, हातापायाची बारीक हाडं दोऱ्यात ओवलेली आहेत ना ते बघा, फडक्यात गुंडाळा. मी आमचा सेट ज्युनियरला दिला तेव्हा फिब्युला सगळ्यात वर ठेवला आणि तिला तिथेच ट्रंकेशेजारी उभं राहून साइड सांगायला लावली.