सरदार घराण्यांचं बंड लिहिताय? या चुका टाळा

मराठीत फॅन्टसी लिहिणाऱ्या नव्या मुलामुलींचे खर्डे माझ्याकडे वाचायला येतात. जुलमी राजवंश आणि त्याच्यावर उलटलेली घराणी हा विषय त्यात हमखास असतो. विषय अस्सल आहे, मला तो मनापासून आवडतो, आणि म्हणूनच तो दर वेळी त्याच त्या खड्ड्यात पडताना बघवत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे सगळी घराणी एका रात्रीत, एकमताने उठतात. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने चारशे तीस पानांची कादंबरी पाठवली. राजा भर दरबारात एका म्हाताऱ्या सरदाराचं मुंडकं उडवतो आणि पुढच्याच प्रकरणात नऊ घराणी देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतात. मी फोन केला आणि एवढंच विचारलं, "सहाव्या घराण्याची मुलगी राजाच्या भावाला दिलीय, असं तू चाळिसाव्या पानावर लिहिलंयस. ती आत्ता कुठे आहे?" बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मुलगी राजवाड्यात होती आणि बाप देवळात शपथ घेत होता! मग तो म्हणाला, "ताई, तिला आधीच मारून टाकू का? म्हणजे प्रश्नच मिटेल."

या घाईचा मला मनस्वी राग येतो. प्रश्न मिटवायचा नसतोच, तीच तर कादंबरी असते. त्या मुलाने पुढे चार महिने घेतले. आता त्याचा सहावा सरदार फौज घेऊन येतो, टेकडीवर तळ देतो आणि दोन्हीकडचे जासूद परत पाठवत राहतो. आख्ख्या कादंबरीत सगळ्यात जास्त श्वास रोखून मी तीच पानं वाचली.

इतिहासात हे असंच घडलेलं आहे. 22 ऑगस्ट 1485 रोजी इंग्लंडमध्ये बॉसवर्थच्या मैदानावर राजा तिसरा रिचर्ड आणि त्याच्या गादीवर दावा सांगणारा हेन्री ट्यूडर समोरासमोर उभे होते. लॉर्ड थॉमस स्टॅन्ली हेन्रीचा सावत्र बाप, पण त्याचा मुलगा रिचर्डकडे ओलीस. थॉमस आणि त्याचा भाऊ विल्यम आपापली माणसं घेऊन बाजूला थांबले. रिचर्ड थेट हेन्रीवर चालून गेला तेव्हा कुठे विल्यमची माणसं लढाईत उतरली, आणि राजा तिथेच मारला गेला. राजाच्याच बाजूचा नॉर्थम्बरलंडचा अर्ल तर शेवटपर्यंत जवळजवळ हललाच नाही. आपल्याकडे 1707 साली, खेडजवळ भीमेकाठी, ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले आणि परशुरामपंत प्रतिनिधी मात्र ताराबाईंच्याच बाजूने राहिले. एकाच फौजेतले दोन मातब्बर, एकाच दिवशी दोन वाटांना!

माझी सवय सांगते. जाड दोनशे पानी वही घ्यायची आणि प्रत्येक घराण्याला समोरासमोरची दोन पानं द्यायची. डावीकडे त्यांच्याकडे काय आहे ते लिहायचं: किती गावं, कोणाच्या सनदेने, आणि ती गावं वतन आहेत की सरंजाम. वतन पिढीजात असतं, सरंजाम चाकरीपोटी मिळतो आणि राजा तो काढूनही घेऊ शकतो, म्हणून दोघांची भीती वेगळी असते. उजवीकडे त्यांची माणसं: लेकी कुठे दिल्यात, कोण ओलीस आहे, शेजारच्या घराण्याशी बांधावरून कधीपासून वाकडं आहे. राजावरचा राग सगळ्यात शेवटी लिहायचा, त्याला दोन ओळी पुरतात. संगणकावर तक्ता करू नका. हाताने लिहिताना जी गावं आठवत नाहीत, ती तुम्ही अजून रचलेलीच नसतात.

निशाणं आणि ध्वजाचे रंग आधी ठरवत बसू नका. नावं, नकाशे आपोआप बनवून देणाऱ्या साइट्सपासून लांब राहा, त्यांतल्या नद्यासुद्धा कधीकधी डोंगर चढतात.

घोडी काय खातात ते लिहा. एका घोड्याला रोज वैरण-दाणा मिळून दहा किलोच्या आसपास लागतं, म्हणजे वीस हजार घोड्यांना दोनशे टन, तेही रोज. भर पावसाळ्यात मोठी फौज हलवत असाल तर चिखल दाखवा. मराठी फौजा दसऱ्याला बाहेर पडायच्या, ते उगाच नाही.

बंडखोर सहसा "राजाच नको" म्हणत नाहीत. ते म्हणतात, खरा वारस आमच्याकडे आहे. आणि गादीवरचे म्हणतात, तो तोतया आहे. शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने हेच म्हटलं. तुमच्या बंडाला असा दावेदार नसेल तर घराणी कोणाच्या नावाने एकत्र येणार?

आणि राज्याभिषेकावर कादंबरी संपवू नका. हेन्रीने आपली कारकीर्द बॉसवर्थच्या लढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू झाली असं धरलं. म्हणजे रिचर्डच्या बाजूने, तेव्हाच्या राजासाठी लढलेले सगळे मागाहून राजद्रोही ठरले आणि त्यांच्या जमिनी जप्त करता आल्या. ते सरदार, त्यांची कुळं, त्यांच्या विधवा, या सगळ्यांचं काय झालं ते निदान तीन प्रकरणं तरी लिहा. विल्यम स्टॅन्लीचंही लिहा. गादीवर दावा सांगणारा पर्किन वॉरबेक खरोखरच आधीच्या राजाचा, म्हणजे चौथ्या एडवर्डचा मुलगा असेल तर आपण त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलणार नाही, असं विल्यम बोलल्याचा आरोप त्याच्यावर आला. फेब्रुवारी 1495 मध्ये हेन्रीने विल्यमचं डोकं उडवलं. बॉसवर्थला त्याच विल्यमच्या माणसांनी हेन्रीचा जीव वाचवला होता.