दोस्तासोबत परदेशात कडे चढायला निघालात? या चुका टाळा

उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढताना खाली उतरलेला माणूस आणि वर दोर धरलेला माणूस सारखे बोलत असतात. 'सोड', 'थांब', 'घे वर'. खालचा दिसला नाही तरी चालतं, पण त्याचा आवाज आला पाहिजे. वरूड-मोर्शीकडच्या आमच्या गावात हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्याचं मोल मात्र कळलं ते थायलंडमध्ये, रायलेच्या चुनखडीच्या कड्याखाली.

मी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त, दोघं तीन महिने पाठीवर बॅग टाकून थायलंड, लाओस, व्हिएतनाम फिरलो. जिथं कडा दिसला तिथं चढलो. आपल्याकडची पोरं आता अशा प्रवासाचे बेत करतात, विचारायला येतात. त्यांना मी पहिल्यांदा आमच्या चुका सांगतो.

घरचं न मिटवता निघणं

थायलंडच्या त्या किनाऱ्यावर चढाईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा पाऊस नसतो. आपल्याकडं नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा. दोस्ताच्या घरी मजूर मिळत नव्हते, दिवसातून चारदा फोन यायचा. तो कड्याखाली उभा राहायचा, पण मन वावरात. अशा माणसाच्या हातात आपला दोर देऊ नये, आणि त्याचाही चढायला जीव होत नाही. निघण्याआधीच वेचणी कोण पाहणार, व्यापाऱ्याशी कोण बोलणार हे भावाशी, काकांशी बसून ठरवा. फोनची एकच वेळ ठेवा, तीही चढाई आटोपल्यावरची.

न शिकता जाणं

चिखलदऱ्याच्या दऱ्या पाहून वाढलो म्हणून चढता येतं असं नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं, पण त्याआधी त्यांनी महिनोन्‌महिने प्रशिक्षण घेतलं होतं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी साधारण चार आठवड्यांचा प्राथमिक कोर्स असतो. तो करा, आणि शक्यतो दोघांनीही करा. एकानं शिकून दुसऱ्याला शिकवायचं म्हटलं की दुसरा विचारायला लाजतो.

दोराच्या टोकाला गाठ नसणं

आता मुख्य गोष्ट. आम्ही दोर भाड्यानं घेतला होता. दुकानात सांगितलं, साठ मीटर. दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे मार्गाच्या शेवटी खडकात पक्क्या बसवलेल्या आधारातून, फिरून परत येतो, म्हणजे साठ मीटरच्या दोरानं जास्तीत जास्त तीस मीटर उंचीवरूनच माणूस खाली आणता येतो. आमचा मार्ग तीसच्या थोडा आत होता. हिशेब बरोबर होता.

दोस्त वर पोचला, मी त्याला खाली सोडू लागलो. नजर वर त्याच्याकडं. दोर हातातून सरसर जात होता आणि एकदम ग्रिग्रीशी, म्हणजे माझ्या कमरेला लावलेल्या दोर अडवायच्या साधनाशी, खट्‌ करून अडला. खाली पाहिलं तर दोर संपलेला. टोकाला गाठ होती, ती ग्रिग्रीत अडकली होती. दोस्त जमिनीपासून दोन पुरुष वर लोंबकळत होता.

"काहून थांबला बे?"

"दोर संपला रे. हलू नको. जवळच्या बोल्टला अडकव स्वतःले."

गाठ मी मारलेली नव्हती. सकाळी त्यानंच मारली होती. बादलीचा दोर विहिरीत जाऊ नये म्हणून घरी टोकाला गाठ मारायची सवय, त्या सवयीनं. मी तर म्हणालो होतो, कशाला, दोर पुरतो. ती गाठ नसती तर टोक ग्रिग्रीतून निसटलं असतं आणि तो थेट खडकावर आला असता. आजही हे लिहिताना हात गार पडतात.

तो स्लिंगनं, म्हणजे कमरेला बांधलेल्या पट्टीनं, खडकात बसवलेल्या बोल्टला अडकला. शेजारी चढणाऱ्या दोघांनी आपल्या दोरानं त्याच्यापर्यंत चढून त्याला सुखरूप खाली आणलं. मग दोर मोजला. साठ नव्हताच. दोराची टोकंच आधी झिजतात, म्हणून तेवढा भाग कापून टाकतात, आणि दोर दरवेळी आखूड होतो. मधल्या खुणेवर भरवसा ठेवला तर तेही फसतं, कारण एकाच बाजूनं कापला की खूण मधोमध राहत नाही.

म्हणून भाड्याचा दोर घेतला की वावरात दोर मोजतो तसा हातानं पूर्ण मोजा. मोजताना बोटांनी दाबत जा. कुठं मऊ पडलेला किंवा चपटा लागला तर परत करा. टोकाला गाठ रोज मारा, मार्ग दहा मीटरचा असला तरी. आणि चढण्याआधी एकमेकांचं सगळं हात लावून तपासा: हार्नेसचं (कमरपट्ट्याचं) बक्कल, दोर त्याला बांधायची आठाची गाठ, कॅरबिनरचं (कडीचं) लॉक. दोस्ती जितकी जुनी तितकं हे तपासणं सुटतं. 'त्यानं केलंच असेल' असं दोघंही धरून चालतात.

बोल्ट चमकतो म्हणून विश्वास ठेवणं

समुद्रकाठच्या चुनखडीत स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आतून तडकतात, बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणूनच रायलेला टायटॅनियमचे, गोंदानं बसवलेले बोल्ट लावत आले आहेत. कुठल्या मार्गाचे बोल्ट बदललेत हे तिथल्या चढणाऱ्यांना विचारल्याशिवाय चढू नका.

वजनातला फरक विसरणं

मी ५८ किलोचा, तो ८४ चा. तो पहिल्यांदा पडला तेव्हा मी जागेवरून उचलला जाऊन कड्यावर आदळलो. दोर सुटला नाही हे नशीब. एवढा फरक असेल तर दोर धरणाऱ्यानं कड्याच्या जवळ, पहिल्या बोल्टच्या जरा बाजूला उभं राहावं. घर्षण वाढवणारं साधन पहिल्या बोल्टला लावायला मिळतं, ते घ्यावं. डोक्यावर हेल्मेट, खाली उभ्या माणसाच्याही.

पैसा आणि पोट

गावच्या बँकेचं देशांतर्गत रुपे कार्ड बाहेर चालत नाही. आंतरराष्ट्रीय कार्ड घ्या आणि त्यावर परदेशातला वापर सुरू करून घ्या. ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दरवेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क लागतं. आम्ही दोघं वेगवेगळे, थोडेथोडे काढत राहिलो आणि नुसत्या शुल्कात जेवणाचे पैसे घालवले. नंतर एक सामाईक बटवा केला, आठवड्याला दोघांनी सारखे टाकायचे. रोजचा हिशेब रात्री वहीत. 'चहाचे मी दिले' हे तोंडातल्या तोंडात राहिलं की आठवड्यानं ते भलत्याच गोष्टीवरून बाहेर येतं.

दोस्त माळकरी. तिथं भाजीतही माशांचा सॉस असतो, त्यामुळं पहिले चार दिवस तो भात आणि केळ्यांवर राहिला, मला काही बोलला नाही. पाचव्या दिवशी चढताना हातपाय थरथरायला लागले. शाकाहारी हवं तर थायलंडमध्ये 'जे' म्हणा, पिवळ्या फडक्यावर लाल अक्षरं दिसली तिथं जा. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला 'चाय' म्हणतात. सोबत शेंगदाण्याची चटणी असू द्याच.

गाडी आणि कागद

भाड्याच्या दुचाकीसाठी पासपोर्ट गहाण ठेवू नका, झेरॉक्स द्या. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारातला आहे, व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा मानतो. म्हणजे आपला परवाना तिथं चालत नाही, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करू शकतो. प्रवास विम्यात दोरानं केलेली चढाई धरली आहे का, हे पॉलिसीत शब्दशः वाचा. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते.

चोवीस तास सोबत राहणं

दोन महिने झाल्यावर लाओसमध्ये, थाखेकला, आमचं बोलणं जवळजवळ बंद पडलं. भांडण नव्हतं, नुसता कंटाळा. पण कड्यावर 'घे', 'सोड' एवढंही तुटक निघायला लागलं तेव्हा मी चढाई थांबवली. दुसऱ्या दिवशी तो एकटा बाजारात गेला, मी नदीकाठी बसून राहिलो. मेकाँगचं पाणी, पलीकडं थायलंड. संध्याकाळी तो पिशवीभर संत्री घेऊन आला, एक सोलून माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "आपल्याइतकी गोड नाहीत, पण खाय." त्यानंतर आम्ही आठवड्यातला एक दिवस वेगळा ठेवला, आणि उद्या कोण पहिला चढणार हे आदल्या रात्रीच, मोठ्यानं बोलून ठरवायला लागलो.