आई-बाबांना आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी कसं तयार करावं

इंग्लंडमध्ये जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव असलेल्या 50 ते 74 वयाच्या लोकांना एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, दर दोन वर्षांनी या तपासणीचं किट घरी पाठवते, मोफत. घरीच शौचाचा नमुना घेऊन तो पोस्टाने पाठवायचा, लॅब त्यात न दिसणारं रक्त शोधते. आपल्या घरांत ते पुष्कळदा न उघडताच जुन्या बिलांखाली जातं. किट जीपीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर येतं, त्यामुळे घर बदललं असेल तर आधी पत्ता दुरुस्त करून घ्या. वय 75 किंवा जास्त असेल तर किट आपोआप येत नाही. 0800 707 60 60 या मोफत नंबरवर मागवता येतं.

खरी अडचण बोलण्यात आहे. "मला काही होत नाही, कशाला उगीच?" हे उत्तर ठरलेलं. त्यावर वाद घालू नका. आतड्यातली गाठ किंवा पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला लहान कोंब) अधूनमधून इतकं थोडं रक्त सोडतो की ते डोळ्यांना दिसत नाही; पोट दुखत नाही, भूकही नेहमीसारखी लागते. म्हणून ही तपासणी त्रास नसतानाच करायची. आणि पॉलिप वेळेवर सापडला तर त्याचा कर्करोग होण्याआधीच तो काढता येतो, हे आवर्जून सांगा. नेमकं हेच सांगायचं राहतं. "अमक्याचे काका असेच गेले" असं सांगून घाबरवणं तर साफ चूक: घाबरलेल्या माणसाला निकालच नको असतो, मग तो पाकीट उघडेल कशाला?

विषय जेवणाच्या टेबलावर, सुना-नातवंडांसमोर काढू नका. आईशी मुलीने बोलावं. त्याहून चांगलं म्हणजे मंडळातल्या, ही टेस्ट केलेल्या तिच्याच वयाच्या मैत्रिणीने. माहितीपत्रक इंग्रजीत हातात देऊन मोकळे होऊ नका, शेजारी बसून मराठीत वाचून दाखवा. एवढं करूनही नाही म्हणाले तर तो निर्णय त्यांचा. किट दिसेल अशा जागी ठेवा आणि आठवडाभर विषय काढू नका.

"आधी तीन दिवस मटण, बीट, लोहाच्या गोळ्या बंद" हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला विसरा. तसलं पथ्य जुन्या प्रकारच्या चाचणीला सांगत. इंग्लंडमध्ये 2019 पासून वापरली जाणारी फिट चाचणी फक्त माणसाचं रक्त ओळखते. जेवण, औषधं नेहमीप्रमाणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका.

नमुना घेताना आपल्याकडे गडबड होते ती पाण्यामुळे. नमुन्याला कमोडमधलं पाणी किंवा लघवी लागता कामा नये. म्हणून आधी लघवी उरकायची, मग आइस्क्रीमचा किंवा श्रीखंडाचा रिकामा, धुऊन कोरडा केलेला रुंद डबा धरायचा. गुडघे दुखणाऱ्यांना अरुंद डबा जमत नाही. शौच झाल्यावर डबा बाजूला ठेवायचा आणि मगच धुवायला पाणी घ्यायचं. हा क्रम आधीच समजावून सांगा. किटमधल्या बाटलीच्या झाकणाला जोडलेली काडी शौचावर ओढायची, तिच्या खाचा भरल्या की बस. जास्त घेतलं तर टेस्ट चांगली होईल हा गैरसमज आहे, उलट बिघडू शकते. काडी बाटलीत परत घालून टक्‌ आवाज येईपर्यंत दाबा आणि पुन्हा उघडू नका. नमुना घेतल्याची तारीख लगेच बाटलीवर लिहा. ती नसेल तर नमुना किती जुना आहे हे लॅबला कळत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

हात धुवा, बाटली सोबतच्या पाकिटात घालून त्याच दिवशी पोस्टात टाका. तिकीट लागत नाही.

निकाल साधारण दोन आठवड्यांत पत्राने येतो. शंभरातल्या सुमारे 98 जणांना पुढे काही करावं लागत नाही. उरलेल्या दोघांना कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे कॅमेरा असलेल्या बारीक नळीने आतडं आतून बघण्याबद्दल, बोलायला बोलावतात. रक्त मूळव्याधीचंही असू शकतं, त्यामुळे हे पत्र म्हणजे कर्करोग नव्हे. त्या भेटीला सोबत जा, आणि इंग्रजी अडत असेल तर दुभाषी आधीच मागा. निकाल चांगला आला तरी दोन वर्षांनी येणारं किट करायचंच. मधल्या काळात शौचात रक्त दिसलं, शौचाची सवय बदलून काही आठवडे तशीच राहिली किंवा कारण नसताना वजन घटलं, तर किटची वाट न बघता सरळ जीपीकडे न्या.