नवं कबूतर थेट ढाबळीत सोडू नका

मी एकदा सोडलं होतं. मादी दिसायला टवटवीत, डोळे स्वच्छ, म्हटलं कशाला वेगळी ठेवायची? दोन-तीन आठवड्यांत ढाबळीतली पिल्लं माना टाकायला लागली. चोच उघडून पाहिलं तर घशात पिवळा, पनीरच्या चुऱ्यासारखा थर. कँकर, म्हणजे एका सूक्ष्म परजीवी जंतूमुळे होणारा घशाचा रोग! मोठं कबूतर हा जंतू बाळगून ठणठणीत राहू शकतं. तो पसरतो एकाच भांड्यातल्या पाण्यातून आणि पिल्लांना भरवताना.

आता नवा पक्षी किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत. नुसता वेगळा पिंजरा पुरत नाही, कारण पिसांची धूळ हवेतून जाते. भांडी वेगळी. आधी जुन्यांचं दाणापाणी, मग नव्याचं, नंतर हात साबणाने. साफसफाई करताना मास्क लावा. कबुतरांचा सिटॅकोसिस (श्वासातून लागणारा, फुप्फुसांना बाधणारा संसर्ग) माणसालाही होतो.

पिंजऱ्यात कागद अंथरा, रोज सकाळी विष्ठा (शीट) बघा. (घरचे हसतात, हसू देत.) घट्ट गोळी आणि वर पांढरी टोपी असेल तर ठीक. नुसत्या पाण्याचं थारोळं दिसलं आणि मान वाकडी होत असेल, दाणा टिपताना नेम चुकत असेल, तर पॅरामिक्सो या विषाणूची शंका घ्या. एकाच डोळ्यातून पाणी, पंखाच्या सांध्याला सूज हेही टिपून ठेवा. पंख पसरून उवाही शोधा.

पहिल्याच आठवड्यात ताजी शीट पशुवैद्यांकडून तपासून घ्या, जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) कळतात. अंदाजाने अँटिबायोटिक मात्र देऊ नका.