बिलाचं नाव ‘नोनेम’

सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं दर महिन्याला माझी पायथन स्क्रिप्टच (छोटासा प्रोग्राम) मेल करते. दोन वर्षं बिनबोभाट चाललं होतं. एप्रिलमध्ये हौसेनं फाइलचं नाव मराठीत ठेवलं, ‘देयक_एप्रिल’, आणि सकाळी सकाळी तळमजल्यावरच्या काकूंचा फोन: “अरे, बिलाऐवजी काहीतरी ‘नोनेम’ आलंय. उघडतच नाही!”

आधी पीडीएफवर संशय घेतला. ती धडधाकट होती. मग स्वतःलाच मेल पाठवून त्याचा कच्चा मजकूर उघडला. सोबत जोडलेली फाइल आहे आणि तिचं नाव काय, हे सांगणाऱ्या ‘कंटेंट-डिस्पोझिशन’च्या ओळीत ‘अटॅचमेंट’ हा शब्दच गायब! मी ‘अटॅचमेंट; फाइलनेम=’च्या पुढे नाव नुसतं अधिक चिन्हानं चिकटवलं होतं. त्यात देवनागरी दिसताच पायथननं अख्खी ओळच बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळली. मग समोरच्याला नाव कळणार कुठून?

मेलचे भाग हातानं जुळवायला लावणाऱ्या जुन्या ‘माइमबेस’ क्लासचा (तयार साच्याचा) पसारा काढून टाकला आणि पायथनचाच ‘ईमेल-मेसेज’ हा क्लास घेतला. त्याच्या ‘ॲड-अटॅचमेंट’ला फाइलचे बाइट्स, तिचा प्रकार (मेनटाइप ‘ॲप्लिकेशन’, सबटाइप ‘पीडीएफ’) आणि फाइलनेम वेगवेगळे द्यायचे. आता फक्त नावच टक्केवारीच्या चिन्हांत एन्कोड होतं, बाकी ओळ शाबूत राहते. १५ ओळींच्या ४ झाल्या. हे आधीच करायला हवं होतं.

एक ठेच मात्र लागली. एकेका फ्लॅटला मेल पाठवणाऱ्या लूपमध्ये तोच मेसेज वापरून दुसऱ्यांदा ‘टू’ (कोणाला पाठवायचं तो पत्ता) भरला, तर ‘व्हॅल्यू-एरर’ येऊन स्क्रिप्ट अडली. जुना क्लास मुकाट्यानं दुसरा ‘टू’ जोडायचा. प्रत्येक फ्लॅटसाठी नवा मेसेज बनवला.

काकूंचं बिल उघडलं. रक्कम बघून पुन्हा फोन आला, तो वेगळा विषय.