बोली जिंकली आणि पैसेच भरले नाहीत तर? दंडाचं कलम असं वाचा

आमच्या पुण्यातल्या नळस्टॉपच्या ऑफिसात आर्टिकलशिपला (उमेदवारीला) येणारी मुलं स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांना लागणाऱ्या रेडिओ लहरींच्या, लिलावाची बातमी वाचतात आणि म्हणतात, "मॅडम, सरकारला दीड लाख कोटी मिळाले." मिळाले नाहीत, तेवढी बोली लागली. बोली आणि भरणा यांच्यामध्ये जे कलम उभं असतं, ते कसं वाचायचं हे मी त्यांना शिकवते, तेच इथे लिहिते.

कुठल्याही लिलावाची नोटीस हातात आली की एकच प्रश्न धरून बसा: जिंकणाऱ्याने पाठ फिरवली तर त्याला नेमके किती रुपये लागतील? नियमांत "कठोर कारवाई" असं लिहिलेलं असलं तर तिकडे दुर्लक्ष करा. त्यातून आकडा निघत नाही.

सुरुवात बयाण्यापासून, म्हणजे पाठ फिरवली तर बुडणाऱ्या अनामतीपासून करा. बयाणा भागिले बोली, इतका साधा हिशेब. 2022 च्या 5 जी लिलावात एकूण बोली 1,50,173 कोटींची झाली. जिओचा बयाणा 14,000 कोटी आणि बोली 88,078 कोटी, म्हणजे साधारण सोळा टक्के. एअरटेलचे 5,500 कोटी 43,084 कोटींवर, तेराला थोडे कमी. व्होडाफोन आयडियाचे 2,200 कोटी 18,799 कोटींवर, बाराला थोडे कमी. अदानींनी 100 कोटी ठेवून 212 कोटींचीच बोली लावली, म्हणजे सत्तेचाळीस टक्के. तेव्हा कुणीही पळालं नाही. पण पळणं कुणाला किती महाग पडलं असतं, ते या भागाकारात दिसतं. बातमीत हे आकडे वेगवेगळ्या दिवशी छापून येतात, त्यामुळे कुणी शेजारी शेजारी मांडत नाही.

बयाणाच नसला तर काय होतं, याचा नमुना ऑस्ट्रेलियात 1993 साली पाहायला मिळाला. उपग्रह टीव्हीची दोन लायसन्स होती. सर्वांत वरच्या बोली 21.2 कोटी आणि 17.7 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या, आणि अनामत शून्य. जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत की लायसन्स खालच्या बोलीला जायचं, आणि ती खालची बोलीही त्याच माणसाची असायची, थोडी कमी रकमेची! एक एक पायरी सोडत शेवटी लायसन्स गेली 11.7 कोटी आणि 7.7 कोटींना. नियम एकही मोडला नाही. मला विचाराल तर यात बोली लावणाऱ्यापेक्षा नोटीस लिहिणाऱ्याचाच दोष जास्त.

आता फरकाचा नियम. हा नीट समजून घ्या, कारण अमेरिकेचा सगळा दंड यावर उभा आहे. मंगल कार्यालयाचं उदाहरण घ्या. तुम्ही मुहूर्ताची तारीख धरली आणि ऐनवेळी सोडली. मालकाने ती दुसऱ्याला कमी भावात दिली, तर फरक तुमच्याकडून घेणार आणि वर त्रासाचे वेगळे. तिथला दूरसंचार आयोग हेच करतो. फेरलिलावात कमी किंमत आली तर तो फरक, आणि वर अधिकचा दंड. हा दंड 3 ते 20 टक्क्यांच्या मधला, प्रत्येक लिलावाआधी ठरवलेला, आणि तो मूळ बोली व नवी बोली यांतल्या लहान रकमेवर मोजायचा. करून पाहा: बोली 100 कोटी, फेरलिलावात 70 आले, दर 15 टक्के. फरक 30, वर सत्तरचे 15 टक्के म्हणजे साडेदहा, एकूण साडेचाळीस कोटी. फेरलिलावात 120 आले तर फरक शून्य, दंड फक्त 15 कोटी. फेरलिलाव झालेलाच नसेल तर तोवर मूळ बोलीवर टक्के लावून तात्पुरती वसुली होते.

अशी वसुली प्रत्यक्षात झालेली आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या डिश या उपग्रह टीव्ही कंपनीची मोठी गुंतवणूक असलेल्या नॉर्थस्टार आणि एसएनआर या दोन कंपन्यांना छोट्या उद्योगांसाठीची 25 टक्के सवलत नाकारली गेली, सुमारे 330 कोटी डॉलरची. मग त्यांनी निवडून 197 लायसन्स सोडून दिली. त्यावर 15 टक्क्यांनी तात्पुरता दंड झाला सुमारे 51.5 कोटी डॉलर. म्हणून नोटिशीत हेही तपासा की सगळं सोडावं लागतं की हवं ते ठेवून नको ते सोडता येतं.

यानंतरचा प्रश्न, पैसे कधी यायचे? भारतात 2022 मध्ये डिमांड नोट (पैसे भरा असं सरकारचं मागणीपत्र) आल्यापासून 10 दिवसांत पहिला हप्ता भरायचा होता आणि एकूण हप्ते वीस, 7.2 टक्के व्याजाने. पुढच्या हप्त्यांसाठी बँक गॅरंटी घ्यायची नाही, हे 2021 च्या सुधारणांतच ठरलं होतं. दहा वर्षांनी स्पेक्ट्रम परत करायचीही मुभा आहे. म्हणजे बयाण्याचा धाक सुरुवातीपुरता. पुढची एकोणीस वर्षं सरकार हे तुमचं सावकार.

आणि सावकाराची अडचण कशी होते, हे अमेरिकेतल्या नेक्स्टवेव्ह या मोबाइल कंपनीने दाखवलं. 1996 मध्ये 474 कोटी डॉलरची बोली, दहा टक्के भरले, बाकी हप्त्याने. 1998 मध्ये दिवाळखोरी. आयोगाने लायसन्स रद्द करून 2001 मध्ये पुन्हा विकली, तेव्हा भाव जवळपास 1,600 कोटी डॉलर आला! पण 2003 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 असा निकाल दिला की दिवाळखोरीतल्या कंपनीचं लायसन्स केवळ थकबाकीसाठी रद्द करता येत नाही. तेव्हा दंडाच्या कलमाशेजारी दिवाळखोरीचा कायदा उघडून ठेवा. आपल्याकडचा रस्ता निराळा निघाला: 2025 मध्ये व्होडाफोन आयडिया स्पेक्ट्रमपोटी सरकारला देणं लागत असलेल्या 36,950 कोटींचे शेअर झाले आणि सरकारचा वाटा 48.99 टक्क्यांवर गेला. नियमाच्या पुस्तकातून हा शेवट कुणाला वाचता आला नसता.

शेवटी पाहा, एकदा पैसे बुडवलेला पुन्हा लिलावात येऊ शकतो का. अमेरिकेत थकबाकी चालू असेल तर प्रवेश नाही. जुनी थकबाकी चुकती केलेली असेल तर प्रवेश मिळतो, पण अनामत इतरांच्या दीडपट. आपल्या नोटिशीत हे कलम शोधताना अर्जदार कंपनीवर थांबू नका, तिच्या मालक कंपन्यांनाही ते लागू होतं का ते बघा. नवीन नावाची कंपनी काढायला फार दिवस लागत नाहीत. आमच्याच ऑफिसात ती कामं होतात.