जुना ब्लूथनर ग्रँड पियानो घेताना काय बघायचं
लाइपझिगला १८५३ मध्ये युलियुस ब्लूथनरने सुरू केलेली ही कंपनी १९७२ मध्ये पूर्व जर्मन सरकारने ताब्यात घेतली होती, पण जर्मनीच्या एकीकरणाच्या वेळी परत घराण्याकडेच आली. तर आधी झाकण उघडा आणि वरच्या सप्तकातल्या तारा मोजा, एरवी एका सुराला तीन असतात, बऱ्याच ब्लूथनरमध्ये चौथी दिसेल, जरा उंचावर, हातोडी तिला लागतच नाही, बाकीच्या तीन वाजल्या की ती आपोआप घुमते, हीच १८७३ ची अलिक्वोट पद्धत. सूर वाजवा, मग चौथीवर अलगद बोट ठेवून परत वाजवा, फरक कळतो, मला तर त्यासाठीच हा पियानो इतका आवडतो! साउंडबोर्डला, म्हणजे तारांखालच्या आवाज घुमवणाऱ्या लाकडी फळीला, भेगा आहेत का ते खालून टॉर्च मारून बघा, आणि तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल नाहीत ना हे ट्यूनरकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.